खिडकीतून हलवलेला हात

लव्हिनिया गॅस्किन्सला फोनच्या घंटीची धास्ती बसली ती त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये. त्याआधी ही बाई कुणाला घाबरल्याचं फिलाडेल्फियाच्या उत्तर भागात कुणी पाहिलं नव्हतं. तीस वर्षं तिने शाळेच्या कचेरीत काढली. आईच्या नावाने स्वतःच सही ठोकून आणलेल्या चिठ्ठ्या ती नुसत्या वासावरून ओळखायची, आणि पोरगं टेबलापाशी पोचायच्या आत म्हणायची, "परत जा बाळा, आणि या वेळी खरी आई घेऊन ये." गॅस कंपनीला ती फोनवर असं काही झापायची की पलीकडचा माणूसच तिला म्हणे, "मॅडम, जरा पाणी प्या." आता तीच बाई घंटी वाजली की हातातलं काम टाकून भिंतीला टेकून उभी राहायची आणि घंटी थांबेपर्यंत हलायची नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर ती आमच्या चर्चची सेक्रेटरी झाली. नोटरी तर ती १९८९ पासूनच होती. नोटरी म्हणजे फार काही मोठं प्रकरण नाही. एखाद्या माणसाने माझ्यासमोर उभं राहून सही केली, मी त्याला पाहिलं, त्याचं ओळखपत्र तपासलं, एवढंच लिहून शिक्का मारायचा. पण ते एवढंसं वाक्य फार वजनाचं असतं. घराच्या खरेदीखतावर तो शिक्का असला की नोंदणी कचेरीतला कारकून दुसरं काही विचारत नाही. त्याला विचारायचा अधिकारच नाही. कागद नियमात बसला की नोंदवून घ्यायचा, एवढंच कायदा त्याला सांगतो. म्हणजे घर कुणाचं हे शेवटी ठरतं ते लव्हिनियासारख्या एखाद्या बाईने खरं लिहिलंय की नाही, यावर.

आणि लव्हिनिया खरं तेच लिहायची. आता इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, ती लपवून उपयोग नाही. तिच्या घराला रस्त्यापासून दारापर्यंत सात दगडी पायऱ्या आहेत. हिवाळ्यात त्यांच्यावर बर्फ बसला की धडधाकट माणूसही कठडा धरून चढतो. चर्चमधली अर्धी माणसं सत्तरीच्या पुढची. कुणाचा गुडघा, कुणाचं कंबरडं, कुणाच्या नाकात ऑक्सिजनची नळी. त्यांना त्या पायऱ्या चढायला लावणं तिच्या जिवावर यायचं. मग हळूहळू एक पद्धत पडून गेली. मुलगा, सून, भाचा, कुणीतरी सही केलेला कागद आणि ओळखपत्र घेऊन वर यायचं. म्हातारं माणूस खाली गाडीत बसायचं. लव्हिनिया पुढच्या खोलीतला पडदा सरकवून हात हलवायची, खालून हात हलायचा, की झालं. वहीत ती लिहायची: समक्ष हजर.

"माझ्या डोळ्यांनी बघितलं की नाही? बघितलं. मग समक्षच झालं," असं ती म्हणायची, आणि कुणीही तिला कधी त्यात चूक दाखवली नाही. कोण दाखवणार? सगळ्यांचीच सोय होती. तिने एका पैशाचा लोभ केला नाही. कुणी लोणी घातलेला केक आणून द्यायचं, कुणी रताळ्याचा गोड पदार्थ, एवढ्यावर ती खूश असायची. माया होती ती. पण तिने ती नको त्या जागी वापरली, आणि वर्षानुवर्षं वापरली.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी डॅरिल व्हॉस नावाचा एक माणूस आला. चाळिशीचा, चांगला गरम कोट, दारातच टोपी काढून हातात घेतलेली. "मिस लव्हिनिया, मी बॉयकिनमामांचा भाचा. म्हणजे मामींकडून," तो म्हणाला. थॅडियस बॉयकिन म्हणजे दोन गल्ल्या सोडून राहणारे, एकोणऐंशी वर्षांचे. जन्मभर बस चालवली, बायको जाऊन तीन वर्षं झालेली. आदल्या शरद ऋतूत त्यांना मेंदूचा झटका येऊन गेला होता, पण त्यातून ते उठले आणि घरी एकटे राहत होते. या डॅरिलला सगळं ठाऊक होतं. मामींच्या अंत्यविधीला कुठलं गाणं म्हटलं होतं, शवपेटीवर फुलं कुठल्या रंगाची होती, सगळं. अशी माहिती चर्चच्या छापील पत्रिकेत असते आणि ती पत्रिका कुणालाही मिळते. हे लव्हिनियाला नंतर सुचलं.

त्याने कागदाचं फक्त शेवटचं पान आणलं होतं, सहीचं. "घरपट्टीच्या सवलतीचं आहे," तो म्हणाला. "बाकीची पानं वकिलाकडे. मामा खाली बसलेत, हीटर लावून दिलाय. पायऱ्यांना घाबरतात हो."

"घाबरायलाच पाहिजे. मी स्वतः घाबरते," लव्हिनिया म्हणाली. ओळखपत्रावरचा फोटो जुना आणि पुसट होता, त्यात हॅट घातलेला काळासावळा म्हातारा. तिने पडदा सरकवला. समोरच्या बाजूला निळी गाडी उभी होती आणि मागच्या सीटवर तपकिरी हॅट, मफलर गुंडाळलेला माणूस. तिने हात हलवला. त्या माणसाने काच खाली करून दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवले, एखादा सामना जिंकल्याच्या थाटात.

"आज स्वारी भलतीच खुशीत दिसतेय," असं म्हणून ती हसली आणि तिने शिक्का मारला.

एप्रिलमध्ये बॉयकिन यांच्या दारात एक तरुण जोडपं आलं. हातात मोजपट्टी आणि खरेदीखत. त्यांनी हे घर डॅरिल व्हॉस नावाच्या माणसाकडून घेतलं होतं, आणि डॅरिलला ते फेब्रुवारीत थॅडियस बॉयकिननी विकलं होतं. नोंदणी झालेली, शिक्का असलेला कागद. जोडपं बिचारं चांगलं होतं. बाई पोटुशी होती. "तुम्ही अजून इथे कसे?" एवढंच तिने विचारलं. डॅरिलचा फोन तोवर बंद झाला होता.

मग लव्हिनियाच्या घरी फोन वाजला. बॉयकिन यांची मुलगी रोवेना, डेलावेअरहून.

"मिस लव्हिनिया, तुम्हीच सांगा. वकील म्हणतात, सगळी केस तुमच्या शिक्क्यावर आहे. डॅडी म्हणतात मी सहीच केली नाही. पण तुमच्यासमोर केली ना?"

लव्हिनियाच्या समोरच टेबलावर तिची वही होती. समक्ष हजर. ते वाक्य खोटं आहे म्हणावं, तर शपथेवर खोटं लिहिल्याचा गुन्हा. शिक्का जाणार, चर्चमधलं काम जाणार, सहासष्टाव्या वर्षी कोर्टाच्या पायऱ्या, कदाचित तुरुंग. पण खोटं तरी कसं म्हणायचं? तिने पाहिलं होतं ना खाली. हॅट होती. मफलर होता. ते बॉयकिन असूही शकतील.

"आले होते," ती म्हणाली.

"शुद्धीत होते? म्हणजे, काय चाललंय ते कळत होतं त्यांना?"

"खुशीत होते."

मग रोवेना हळूच म्हणाली, "म्हणजे घर विकलं आणि विसरले. अरे देवा. गेलंच मग सगळं." आणि ती रडायला लागली. लव्हिनियाने फोन ठेवून दिला.

पुढच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर तळघरातल्या हॉलमध्ये जेवण होतं. तळलेली कोंबडी, पालेभाजी, मक्याचा पाव. लव्हिनिया वाढण्याच्या टेबलामागे उभी होती, म्हणजे कुणाशी बोलायला नको. बॉयकिन ताटली न घेताच तिच्यापुढे आले. एवढा उंच माणूस, पण थोड्याच दिवसांत कोट अंगावर लोंबायला लागला होता.

"लवी," ते म्हणाले, "त्या दिवशी मी काय घातलं होतं गं?"

तिच्या हातातला चमचा भांड्यावर आपटला. "काय?"

"तुझ्याकडे आलो त्या दिवशी. वकिलाने सांगितलंय, आठवायचा प्रयत्न करा. मला काहीच आठवत नाही. तू चूक करणार नाहीस हे मला माहितीय, जग इकडचं तिकडे झालं तरी तुझा शिक्का चुकत नाही. म्हणजे माझंच डोकं गेलंय. पण एखादी खूण दे. एक धागा हातात आला तर ओढून बघतो."

ती नाही म्हणू शकली असती. आठवत नाही म्हणू शकली असती. पण मागे तीन बायका कान टवकारून उभ्या होत्या, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "तपकिरी हॅट. मफलर."

"हॅट आहे माझ्याकडे तशी," बॉयकिन म्हणाले. त्यांनी दोनदा मान हलवली आणि ओठातल्या ओठात पुटपुटत राहिले, हॅट, मफलर, हॅट, मफलर. उरलेली कोंबडी लव्हिनियाने दुसऱ्या बाईच्या हवाली केली आणि ती कोट न घालताच घरी गेली.

त्याच आठवड्यात आमदार विलोबीबाईंच्या कचेरीतून एक मुलगी आली, जॅनेल नावाची. हसरी, भराभर बोलणारी. शहरात असे घरचोरीचे प्रकार वाढलेत, त्यावर आमदारबाई नवा कायदा आणताहेत, असं तिने सांगितलं. खरेदीखत नोंदवायला आलं की मालकाला ताबडतोब कळवायचं. संशय आला तर नोंदणी थांबवायचा अधिकार कारकुनाला द्यायचा. आणि नोटरीने वहीत सही करणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा घ्यायचा. "त्याशिवाय शिक्का मारला तर सरळ गुन्हा. खिडकीतून, गाडीतून, फोनवरून, काही चालायचं नाही," जॅनेल म्हणाली.

खिडकीतून म्हणताना ती लव्हिनियाकडेच बघत होती. लव्हिनियाच्या तोंडचं पाणी पळालं. हिला कळलंय. कुणी सांगितलं हिला?

पण जॅनेल पुढे म्हणाली, "सुनावणी एकवीस मेला आहे, शाळेच्या सभागृहात. आम्हाला एक चांगली, जुनी, नाव असलेली नोटरी बोलायला हवी आहे. सगळ्यांनी तुमचंच नाव घेतलं. भाषण मी लिहून देते, तुम्ही फक्त वाचायचं."

नाही म्हणायला कारण काय देणार? नाही म्हटलं तर लोक विचारतील, का नाही. ती हो म्हणाली. त्या दिवसापासून तिला पोस्टमनच्या पावलांचीही भीती वाटायला लागली. वही तिने पिठाच्या डब्याखाली ठेवली, मग तिथून काढून गादीखाली, मग पुन्हा टेबलावर, कारण वही लपवली हाच पुरावा होईल असं तिला वाटलं. फायरप्लेसमध्ये टाकावी असंही एकदा मनात आलं. ती फायरप्लेस विटांनी बुजवलेली होती म्हणून बरं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी रोवेना आली. हातात जाड कागदांची फाईल. डोळे सुजलेले.

"मिस लव्हिनिया, यावर शिक्का हवाय. डॅडींना आमच्याकडे विस्मरण झालेल्यांच्या आश्रमात जागा मिळालीय. कुलूप असतं दाराला, पण माणसं चांगली आहेत म्हणे. आता सगळे निर्णय मी घेणार, असं त्यांनी लिहून दिलंय. सही केलीय त्यांनी. भांडलेसुद्धा नाहीत." तिने नाक पुसलं. "खाली गाडीत आहेत. चढायला नको म्हणतात. तुम्ही खिडकीतून बघता ना, तसं बघा."

लव्हिनिया उठली, खिडकीपाशी गेली, पडदा सरकवला. खाली रोवेनाची गाडी उभी होती. मागच्या सीटवर बॉयकिन, मेच्या उन्हात तपकिरी हॅट आणि मफलर घालून बसलेले.

"मे महिन्यात मफलर?" लव्हिनियाच्या तोंडून निघालं.

"रोज घालतात. म्हणतात, घातला की आठवेल. हात हलवा ना, ते वाट बघताहेत."

तिने हात हलवला. बॉयकिननी उजवा हात वर केला. नुसता उजवा.

"दुसरा?" लव्हिनियाने विचारलं.

"दुसरा काय?"

"डावा हात."

"डावा कुठला वर जातोय? झटक्यापासून तो खांद्याच्या वर जातच नाही. मी इथे असले की शर्टसुद्धा मलाच घालून द्यावा लागतो. का हो?"

खाली म्हातारा अजून हात हलवत होता. डोक्यावर नेऊन हलवलेले ते दोन हात लव्हिनियाच्या डोळ्यांपुढे आले, आणि इतके दिवस ती ज्या ‘असूही शकतील’च्या आधाराने जगत होती तो आधार सुटला. ते बॉयकिन नव्हते. कुणी भाड्याने आणलेला माणूस होता तो. आणि आपण त्याच्याकडे बघून हसलो होतो.

"आज शिक्का मारणार नाही मी," ती म्हणाली.

"अहो, पण मला उद्याच कागद द्यायचेत. सुनावणी झाली की आम्ही निघतोय थेट."

"मग सुनावणी झाल्यावर बघू." तिचे दात एकमेकांवर वाजत होते. रोवेनाला वाटलं, बाईला ताप आलाय. तिने कपाळाला हात लावून बघितलं आणि चहा करून देऊ का, असंही विचारलं. त्या क्षणी सांगून टाकायला काय झालं होतं? पण नाही सांगितलं. इतकी घाबरली होती ती.

एकवीस मेला सभागृह भरलं होतं. पुढे लांब टेबल, पाच आमदार, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. आधी एक गृहस्थ बोलले, घरांच्या खरेदी-विक्रीचा धंदा करणाऱ्यांच्या संघटनेचे. त्यांचं म्हणणं, नव्या कायद्याची गरजच नाही. ठसे, सूचना, तपासण्या, यात व्यवहार अडकून पडतील. "नोटरी मंडळी प्रामाणिक असतात," ते म्हणाले आणि त्यांनी लव्हिनियाकडे हात केला. "मिस गॅस्किन्ससारख्या बाईंचा अंगठ्याच्या ठशांनी अपमान कशाला करायचा?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या तिच्यासाठी होत्या. तिला पळून जावंसं वाटलं.

मग तिचं नाव पुकारलं. जॅनेलने लिहून दिलेला कागद तिने उघडला. पहिली ओळ तिने वाचली. दुसरी वाचली. तिसरी होती, ‘माझ्या साऱ्या कारकिर्दीत मी प्रत्येक सही करणाऱ्याला समक्ष पाहिलं आहे.’ तिथे ती थांबली.

"हे खोटं आहे," ती म्हणाली.

मायक्रोफोन कर्रकन वाजला. विलोबीबाईंनी चष्मा वर केला. "काय म्हणालात, मिस गॅस्किन्स?"

"मी माणसांना बघत नव्हते. मी गाड्यांना बघत होते. वरून, खिडकीतून. फेब्रुवारीत एकाने शेवटचं पान आणलं आणि सांगितलं, मामा खाली आहेत. खाली एक हॅट होती. मी हात हलवला आणि शिक्का मारला. मिस्टर बॉयकिन यांचं घर त्या शिक्क्यावर गेलं."

"मिस गॅस्किन्स," विलोबीबाई घाईघाईने म्हणाल्या, "थांबा. हे सगळं नोंदलं जातंय. तुमच्याबरोबर वकील हवा. तुम्ही आता बसा, हवं तर."

"बसले तर परत उठवणार नाही मला." तिने मायक्रोफोनचा दांडा घट्ट धरला. "आता बोलून घेते. मुलीने फोन केला तेव्हा मी खोटं बोलले. आले होते म्हणाले. नव्हते आले. त्या माणसाने दोन्ही हात वर केले होते, आणि मिस्टर बॉयकिन यांचा डावा हात झटक्यापासून वर जातच नाही. घ्या तुमचा तो ठसा. लिहा कायद्यात. मी प्रामाणिक आहे, असं अख्खं शहर म्हणतं, आणि माझ्यासारख्या बाईनेच हे केलंय. माझ्या चांगुलपणावर कुणाचं घर ठेवू नका."

"असं किती वेळा केलंत?" टेबलाच्या टोकाच्या आमदाराने विचारलं.

"मोजलं नाही."

संघटनेच्या गृहस्थांनी आपले कागद उगीच नीट केले. तेवढ्यात मागच्या रांगेत खुर्ची सरकली आणि बॉयकिन उभे राहिले. रोवेना त्यांची बाही ओढत होती, त्यांनी ती सोडवली.

"लवी," त्यांनी तिथूनच विचारलं. "म्हणजे तो मी नव्हतो?"

"नव्हतात, मिस्टर बॉयकिन."

"मी आलोच नव्हतो?"

"नाही. तुम्ही तुमच्या घरी होतात. तुम्ही कशावरही सही केली नाही. तुमचं डोकं ठीक आहे. अगदी ठीक."

रोवेनाने तोंडावर हात धरला. तिच्या मांडीवरची फाईल खाली पडून कागद पसरले, पण तिने ते उचलले नाहीत. सगळ्यांना वाटलं, आता म्हातारा ओरडेल, शिव्या देईल. निदान लव्हिनियाला तरी तसं वाटलं, आणि त्याने खरंच शिव्या दिल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं.

पण बॉयकिन सावकाश म्हणाले, "मी रोज सकाळी बसून तो दिवस आठवायचो, लवी. दोन-दोन तास. तू सांगितलंस ना, म्हणून." त्यांनी गळ्यातला मफलर ओढून काढला. त्यांचा आवाज आता बारीक झाला होता आणि सभागृहातल्या शेवटच्या माणसालाही तो ऐकू येत होता.

"आणि परवापासून मला तो आठवायला लागला होता. स्वच्छ आठवायला लागला होता गं."